घाण्याला कानडीत गाण म्हणतात, मंत्रीसाहेब

मा. केंद्रीय सांस्कृतिक आणि पर्यटन मंत्री,

अंदमानच्या सेल्युलर जेलमधल्या शोबद्दल दोन्ही खात्यांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण एका खात्यातली फाइल दुसऱ्या खात्यात जायला किती दिवस लागतात ते बेळगावच्या माणसाला कुणी सांगायला नको.

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन अंदमानला गेलो होतो. आई ७६ वर्षांची, माहेर खानापूर तालुक्यातलं, शाळा चौथीपर्यंत. तिनं आयुष्यात फिरायला जाऊया असं दोनदाच म्हटलंय, एकदा पंढरपूर आणि एकदा सेल्युलर जेल. पंढरपूर केव्हाच झालं. अंदमानचं खूळ तिच्या डोक्यात माझ्या आजोबांनी घातलेलं. आजोबा सांगायचे की ज्या माणसाला इंग्रजांनी काळ्या पाण्यावर धाडला त्यालाच १९५० साली स्वतंत्र भारतात धरून आपल्या हिंडलग्याच्या जेलात आणून ठेवला, एप्रिलपासून जुलैपर्यंत. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होतं. सावरकरांवर दोन्ही बाजूंनी भांडायला फेसबुक आहेच, हे पत्र त्यासाठी नाही. सांगायचं एवढंच की वेंगुर्ला रोडनं जाताना हिंडलगा जेल आलं की आई प्रत्येक वेळी हे सांगते, आणि मग म्हणते, हे तर बघितलं, ते एकदा बघायचं राहिलंय.

तर रात्रीच्या बसनं बेंगळूर, तिथून विमान. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, २०२४ च्या सप्टेंबरपासून, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. आम्हाला त्याचं काही नवल नाही, आमच्या गावाचं पण नाव २०१४ ला बदललंय आणि आम्ही काय म्हणतो ते तुम्हाला वर कळलंच असेल.

जेल बघायला आमच्या टूरच्या माणसानं पाऊण तास दिला. पाऊण तास! १८९६ ला बांधायला घेतलेलं आणि १९०६ ला पुरं झालेलं जेल, सात चाळी, प्रत्येक चाळ तीन मजली, मधे टॉवर आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या चाळी निघालेल्या, एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडं, म्हणजे कुणाला कुणाचं तोंड दिसायला नको. सगळ्या मिळून ७०० च्या आसपास कोठड्या. बाबाराव आणि तात्याराव सावरकर, सख्खे भाऊ, एकाच जेलात, आणि सुरुवातीला एकमेकांची भेट नाही. आता तीनच चाळी उभ्या आहेत. बाकीच्या पाडल्या, त्या जागेत हॉस्पिटल झालं, आणि ह्या तीन वाचल्या त्यासुद्धा तिथून सुटून आलेल्या कैद्यांनीच आवाज उठवला म्हणून. हे सगळं मला माहीत होतं कारण मी जायच्या आधी महिनाभर वाचत होतो. आईला ह्यातलं कोण सांगणार? गाइड हिंदीत सांगत होता, ते पण पळत पळत.

मी आईला जमेल तसं सांगत होतो. तिसऱ्या मजल्यावर, अगदी शेवटची ती तात्यारावांची कोठडी, तिथपर्यंत ती कठड्याला धरून, प्रत्येक मजल्याला पाच मिनिटं बसून आली. आत गेली, हात जोडले, वरच्या झरोक्याकडं बघितलं, आणि मग बाहेर येऊन एक गोष्ट केली जी आमच्या ग्रुपमधल्या बावीस माणसांपैकी कुणीच केली नाही. तिनं कडी बघितली. त्या दारांची कडी दारावर नाही, लांब जाऊन भिंतीतल्या खोबणीत बसते. आई परत आत गेली, गजांतून हात बाहेर काढला, काकणं वर सरकवून खांद्यापर्यंत हात घातला आणि बोटांनी ती खोबण चाचपायला लागली. पोचला नाही हात, वीतभर राहिला. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "मुद्दाम केलंय बघ हे. कुणीतरी बसून इचार करून केलंय." माझे थोरले काका १९८६ च्या सीमा आंदोलनात पंधरा दिवस हिंडलग्याला आत होते, तेव्हा भाकरीचा डबा घेऊन आईच जायची. तिला जेल माहीत आहे. पण असली कडी तिनं बघितली नव्हती.

खाली टॉवरपाशी संगमरवरावर कैद्यांची नावं कोरलीत, प्रांतवार. आपल्याकडची नावं चटकन संपतात. बंगालची संपतच नाहीत. आई म्हणाली एवढी पोरं त्यांची? मी म्हटलं हो, इंदुभूषण रॉयनं १९१२ ला त्रासाला कंटाळून कोठडीतच गळफास घेतला, उल्लासकर दत्तचं डोकं फिरलं, १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा जबरदस्तीनं दूध पाजल्यामुळं गेले. त्यातला महावीर सिंग तिकडं उत्तर प्रदेशातला. आई ऐकत होती आणि तेवढ्यात टूरवाल्यानं शिट्टी मारली. खरंच शिट्टी, पीटीच्या सरांसारखी.

आता मुख्य मुद्दा. संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो. तिकडं डिसेंबरात पाचलाच सूर्य बुडतो, घड्याळ मात्र आपल्यासारखंच, त्यामुळं आईला सारखं वाटत होतं की जेवायची वेळ झाली. खुर्च्यांवर बसलो, अंधार झाला, अंगणातला पिंपळ गोष्ट सांगायला लागला. आवाज खणखणीत, लाइट पण भारी. शो एक हिंदीत आणि एक इंग्लिशमध्ये, आम्ही हिंदीचा घेतला. आणि ती हिंदी कसली, आपली टीव्हीवरची नाही, चांगली जड हिंदी. दहा मिनिटांत आई माझ्या कानात, "काय म्हणालाय रे त्यो?"

मी हळू आवाजात सांगायला लागलो. आईच्या पलीकडं आमच्याच ग्रुपमधल्या गोकाकच्या एक अज्जी होत्या, त्यांचा मुलगा पुढच्या रांगेत मोबाइलवर शूटिंग करत बसलेला. त्यांनी आईचा हात हलवला, "एन अंतानरी अंवा?" म्हणजे तेच, काय म्हणतोय तो. आईचं कानडी बाजारापुरतं, भाजीचा भाव आणि बसचा टायम एवढंच. मी हिंदीचं मराठी करून आईला द्यायचो आणि आई त्याचं कायतर कानडी करून अज्जींना. मधे किती सांडलं असेल ते त्या पिंपळालाच ठाऊक.

घाण्याचा भाग आला. माणसाला बैलाच्या जागी जुंपून रोज ३० पौंड खोबरेल काढायला लावायचे, म्हणजे साडेतेरा किलो, नाही भरलं तर मार. दुपारी शेडमधला तो पुतळा आम्ही बघितलाच होता. आई एकदम सरळ बसली. तिच्या माहेरी शेजारीच घाणा होता, शेंगतेलाचा. म्हणाली, "बैल पण दमतंय रे तसलं ओढून, त्याला तर मधे सोडून पेंड घालत होते." मग अज्जींकडं वळून तिला शब्द सापडेना, हातानं गोल गोल फिरवून दाखवलं, एण्णी एण्णी म्हणाली, म्हणजे तेल. अज्जी म्हणाल्या, "गाणऽ?" आई म्हणाली हां हां, गाण, घाणा. अज्जींनी पदर तोंडाला लावला. त्या क्षणापर्यंत त्या बाईंना आपण कशासाठी आलोय तेच पोचलं नव्हतं, विमानाचं तिकीट काढून समुद्र ओलांडून येऊन बसल्या होत्या बिचाऱ्या, नुसते लाल निळे लाइट बघत.

मागच्या रांगेतला एकजण ओरडला, ओ भाईसाब, चुप रहिये. बरोबर होतं त्याचं. आम्ही गप्प बसलो. पुढचा अर्धा शो दोघी म्हाताऱ्या नुसत्या बघत राहिल्या.

म्हणून मागणं असं आहे साहेब. शो बदला म्हणत नाही, खर्च असतो ते कळतंय. पण तिकिटामागं एक क्यूआर कोड छापा, तो मोबाइलवर उघडला की कानात आपल्या भाषेत ऐकू यायला पाहिजे, हेडफोन ज्याचा त्यानं आणावा. आणि दिवसा फिरताना हातात धरायला एक साधा कागद, पाठपोट छापलेला, मोठ्या अक्षरात. भाषा कुठल्या ते ठरवायला कमिटी नको, कैद्यांची यादी काढून बसा. बंगाली, पंजाबी, मराठी, मलबारातले बंड केलेले मोपला मुसलमान होते म्हणून मल्याळम, आंध्रातल्या रम्पाच्या बंडातले होते म्हणून तेलुगू. आणि कानडी घाला. हो, बेळगावचा मराठी माणूस लिहितोय कानडी घाला म्हणून, ह्याचा स्क्रीनशॉट फिरणार हे मला माहीत आहे. आमच्याकडं भाषेचं नाव काढलं की पोलीस बंदोबस्त लागतो, सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून आमच्या घरातली तिसरी पिढी मोर्च्याला जातेय आणि १ नोव्हेंबरला, म्हणजे १९५६ ला बेळगाव आताच्या कर्नाटकात घातलं त्या दिवशी, मी पण काळी फीत लावतो, पुढं पण लावणार. त्याचा आणि ह्याचा संबंध नाही. किंवा आहे, तोच आहे. न कळणाऱ्या भाषेतला कागद हातात घेऊन उभं राहायला कसं वाटतं ते मला गोकाकच्या अज्जींकडून शिकायला लागलं नाही.

मराठी मजकूर मी फुकट लिहून देतो, कानडीसाठी आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर तयार आहेत, त्यांनी आणि मी आयुष्यभर एकमेकांशी वाद घातलाय तेव्हा तपासणी कडक होईल. तिथल्या लोकांची पण मदत होईल, अंदमानात घरोघरी बंगाली, तमिळ, तेलुगू बोलतात, आवाज द्यायला माणूस बाहेरून न्यायला नको.

आई विचारालीय ह्या पत्राला उत्तर कुठल्या भाषेत येणार. मी म्हटलं हिंदी नाहीतर इंग्लिश. म्हणाली, मग तूच वाचून दाखव, आणि गोकाकला फोन लावून त्यांना पण सांग.

आपला,
शहापूर, बेळगाव इथला एक नागरिक