जास्तीत जास्तांचे सुख आणि कोयनेचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख’ हीच आजच्या समाजाची नैतिक कसोटी असावी, असे सांगणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मांडणी नेटकी आहे; परंतु त्या सुखाची किंमत मोजणाऱ्यांविषयी लेखात अवाक्षर नाही. या विचाराची, म्हणजेच उपयुक्ततावादाची, खरी परीक्षा तेथेच होते आणि आम्हा कराड-पाटणकडच्या लोकांना ती समजून घ्यायला लांब जावे लागत नाही.

कोयनेचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहाकडे वळवण्यात आले, त्यातून आज 1960 मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे आणि राज्यातील उद्योगांना त्याने दिलेला आधार कोणीही नाकारणार नाही. केवळ बेरीज-वजाबाकी केली तर धरण बांधणेच योग्य ठरते, आणि माझेही मत तेच आहे. मात्र ज्यांची भातखाचरे शिवसागर या धरणाच्या जलाशयात गेली, त्यांतील अनेकांना सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत जाऊन, वेगळ्या मातीत आणि वेगळ्या पाऊसपाण्यात संसार मांडावा लागला. जे जलाशयाच्या काठावर, डोंगरातच राहिले, त्यांच्या वाट्याला 1985 मध्ये कोयना अभयारण्य आणि 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. जंगल राखणेही बहुतांच्या हिताचेच आहे. प्रत्येक वेळचा हिशेब सुटा पाहिला तर बिनचूक, पण किंमत मोजणाऱ्याच्या रकान्यात नाव पुन्हा त्याच खोऱ्याचे!

यात या विचाराचा प्रणेता, इंग्रज तत्त्वज्ञ बेंथॅम याच्यावर सगळा दोष ढकलणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाला एकच मोजावे, कोणालाही एकाहून अधिक नाही, हे त्याच्या नावावर असलेले सूत्र त्याचा वैचारिक वारसदार जॉन स्टुअर्ट मिल याने नोंदवून ठेवले आहे, आणि जातीपातीच्या समाजात ते लहानसहान नव्हे. शिवाय दोन एकरांवर जगणाऱ्याची दोन्ही एकरे जाणे हे दुःख कारखानदाराला मिळालेल्या स्वस्त विजेच्या सुखाहून कितीतरी जड असते, हे प्रामाणिक उपयुक्ततावाद्याला मान्यच करावे लागेल. अडचण अशी की प्रकल्प अहवालात युनिट आणि हेक्टर मांडता येतात, मोडलेले गावठाण मांडता येत नाही. गांधीजींनी 1926 मध्ये जास्तीत जास्तांच्या सुखाचे हे तत्त्व नाकारले, ते अहिंसेच्या उपासकाने सर्वांच्या हितासाठी झटले पाहिजे म्हणून. पण ‘सर्वांचे हित’ म्हणून गप्प बसल्याने कोणत्या गावाची जमीन घ्यायची हा प्रश्न सुटत नाही.

माझ्या मते याचे अधिक व्यवहार्य उत्तर आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या चळवळीने दिले: ‘आधी पुनर्वसन, मग धरण’. महाराष्ट्राने 1976 मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला, त्यात लाभक्षेत्रातील, म्हणजे धरणाचे पाणी मिळणाऱ्या भागातील, मोठ्या खातेदारांकडून काही जमीन घेऊन ती विस्थापितांना देण्याची तरतूद होती. ज्याला पाणी मिळते त्यानेच ज्याचे घर बुडते त्याचे देणे फेडावे, इतका सरळ हा विचार आहे. कोयनेचे लोक त्या कायद्याआधीच विस्थापित झाले होते, म्हणून त्यांचे दाखले आणि सातबारे पुढच्या पिढ्यांनाही कचेऱ्यांत घेऊन फिरावे लागले.

लेखकमहोदयांना विनंती एवढीच की, त्यांनी आपल्या कसोटीत दोन अटी घालाव्यात. कोणत्याही प्रकल्पाच्या लाभाच्या आकड्याशेजारी, त्याच लोकांकडून यापूर्वी काय काय घेतले गेले याची नोंद असावी. आणि पर्यायी जमिनीचा सातबारा घळभरणीपूर्वी, म्हणजे धरणात पाणी अडवण्याआधी, विस्थापिताच्या नावावर झालेला असावा.

आपला,
एक नियमित वाचक, कराड