१९५२च्या ओळीवरील प्रश्नचिन्हाबद्दल जाहीर आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

जागतिक स्नूकर अजिंक्यपद स्पर्धेवरील माझ्या लेखाचा पहिला खर्डा आपण सवडीने वाचलात आणि विजेत्यांच्या यादीतील १९५२च्या ओळीवर पेन्सिलीने एकच प्रश्नचिन्ह काढून परत केलात. तिथे मी होरेस लिंड्रम हे नाव निःशंकपणे लिहिले होते. त्या प्रश्नचिन्हाने मला पुष्कळ दमवले, तरीही त्यासाठीच हे जाहीर आभार.

१९२७मध्ये जो डेव्हिस यांनी टॉम डेनिस यांना २०–११ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले आणि १९४६पर्यंत, युद्धामुळे स्पर्धा न झालेली वर्षे वगळता, ते कोणालाही घेऊ दिले नाही. इथवर माझी यादी बरोबर होती. पुढे मात्र उत्पन्नाच्या वाट्यावरून व्यावसायिक खेळाडूंचे नियामक संस्थेशी बिनसले, बहुतेकांनी स्वतःची मॅच-प्ले स्पर्धा सुरू केली, आणि अधिकृत स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे लिंड्रम व न्यूझीलंडचे क्लार्क मॅकोनकी असे दोघेच उरले, हे मला आपल्यामुळे समजले. लिंड्रम ९४–४९ असे जिंकले खरे. पण त्याच वर्षी फ्रेड डेव्हिस यांनी मॅच-प्लेचे विजेतेपद मिळवले आणि १९५६पर्यंत ते राखले. नामवंत प्रतिस्पर्धी त्यांच्याच वाट्याला आले होते, त्यामुळे मला त्यांचे पारडे जड वाटते. आपले मत वेगळे आहे, हे मी जाणतो.

१९५७मध्ये जॉन पुलमन जिंकले आणि ती स्पर्धाही थांबली. रेक्स विल्यम्स यांच्या पुढाकाराने १९६४मध्ये अजिंक्यपद पुन्हा सुरू झाले, ते आव्हानवीराने विजेत्याशी लढण्याच्या पद्धतीने. १९६८पर्यंत पुलमन यांनी ते राखले आणि १९६९मध्ये बाद फेऱ्यांची पद्धत परतली. या मधल्या रिकाम्या वर्षांसाठी मी आधी एक वाक्यही लिहिले नव्हते. पुढे ही स्पर्धा जिथे भरू लागली ते शेफील्डचे क्रूसिबल थिएटर, १९८५च्या अंतिम सामन्याचा निकाल ठरवणारा शेवटचा काळा चेंडू, यांवर मात्र पाने भरली होती. ती आपल्या सूचनेनुसार कमी केली आहेत.

आता १९५२च्या ओळीत दोन्ही नावे आहेत आणि खाली कारण दिले आहे. सुधारित प्रत सोबत पाठवत आहे. वाचताना पेन्सिल जवळ असू द्यावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक स्नूकरप्रेमी