वर्कशॉपच्या नानांना

आदरणीय नाना,

प्रबंधाच्या आभारात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. तेवढ्यानं माझं मन भरलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

तो मे महिना आठवतो ना? जळगावचा पारा 45 च्या घरात, आणि मी दोन सिंटिलेटर पॅडल (कण आरपार गेला की आत बारीक चमकणाऱ्या, उजेड शिरू नये म्हणून काळ्या टेपनं गुंडाळलेल्या पाट्या) मांडून म्यूऑन नावाचे कण मोजत बसलेली. अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण हवेवर आदळले की सुमारे 15 किलोमीटर उंचीवर हे कण तयार होतात. त्यांचं आयुष्य सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांचं, म्हणजे प्रकाशाच्या वेगानंही जेमतेम 660 मीटर. पण इतक्या वेगात त्यांचा काळ आपल्या हिशोबानं लांबतो आणि ते खालपर्यंत पोचतात, चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. माझं पॅडल 20 बाय 20 सेंटिमीटरचं. मिनिटाला फार तर काही शे यायला हवे होते, काउंटर हजारोंत पळत होता. पॅडलमधली चमक टिपणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब गेली असं धरून मी रडकुंडीला आले होते.

सुट्टी झाली होती, तरी तुम्ही थांबलात. आधी खोलीतला दिवा बंद केलात. आकडा धाडकन उतरला. "ट्यूब चांगली आहे ताई, उजेड शिरून राहिला," म्हणालात. मग अंधारात बारीक टॉर्च घेऊन पॅडलच्या कडेकडेनं बोटभर बोटभर सरकत गेलात आणि मी आकडे वाचत गेले. केबल बाहेर येते त्या कोपऱ्यावर आकडा उसळला. काळी टेप तिथं नखाएवढी उकलली होती. मीच घाईत ओढून लावलेली. उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडणार होतं?

तुम्ही सगळी टेप काढून नव्यानं गुंडाळलीत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून, ताण न देता. नऊ वाजले. चहा घेताना मी सांगितलं, आत्ता तुमच्या तळहातातून मिनिटाला शंभरेक म्यूऑन चाललेत. तुम्ही कप खाली ठेवून बराच वेळ हात पालथा-उताणा करून पाहिलात. "एवढ्या लांबून येऊन राहिलं ते, अन् आपण टेपपायी हुकवू?"

नाना, माझ्या प्रबंधातला प्रत्येक आकडा त्या रात्रीनंतरचा आहे. मनापासून आभार.

निवृत्तीनंतर तुम्ही इकडे फिरकला नाहीत. एकदा या. तो कोपरा अजून तुम्ही गुंडाळलेलाच आहे, मी कुणाला हात लावू दिलेला नाही.

तुमची,
म्यूऑनवाली ताई