आई, मी त्या झोपडीत राहत नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, आज्जीलाही सांगा.

सगळ्यात आधी हेच की मी त्या झोपडीत राहत नाही. ग्रुपवर फोटो टाकून झोपलो, साडेबारा तासांचा फरक, उठून बघतो तर आत्याचे तीन मिसकॉल आणि आईचा रडवेला व्हॉइस मेसेज. आई, माझी रूम इथे कॅनडात युकॉनमधल्या व्हाइटहॉर्स शहरातच आहे, तीच हीटरवाली, त्या दोन पंजाबी मुलांबरोबरची. फोटो जुन्या ट्रॅपर लोकांच्या केबिनचा होता, ट्रॅपर म्हणजे थंडीत सापळे लावून फर विकणारे. कामावरचे एक काका रविवारी स्नोमोबाइलवरून, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवरून, तिकडे घेऊन गेले होते, त्यांच्या वडिलांची ट्रॅपलाइन, म्हणजे सापळे लावायची ठरलेली वाट, तिथे होती.

अस्वलांचं टेन्शन घेऊ नका, ती थंडीभर झोपलेली असतात. बाबा विचारत होते ना सगळ्यात जास्त थंडी किती, तर इथल्या स्नॅग नावाच्या जागी १९४७ च्या फेब्रुवारीत उणे ६३ झालं होतं, पण ते तेव्हा. आम्ही गेलो तेव्हा फक्त उणे २४ होतं आणि आज्जीने विणलेला स्वेटर मी आतून घातला होता. आणि मी कुठलाही प्राणी मारला नाही, आई, माळेची शपथ. पण इथले मूळ लोक हजारो वर्षं असंच जगत आलेत, त्यांना वाईट म्हणवत नाही मला.

केबिन म्हणजे आपल्या मळ्यातल्या खोपीएवढीच, स्प्रूसच्या, म्हणजे देवदारासारख्या झाडाच्या, ओंडक्यांची. फटीत शेवाळ कोंबलेलं, छपरावर माती, दार इतकं बुटकं की वाकूनच आत जायचं, म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाही. बाहेर चार उंच खांबांवर छोटं कोठार, आपल्या मळ्यातल्या माचीसारखं, आणि खांबांना पत्रा गुंडाळलेला, जनावर वर चढू नये म्हणून. एका लाइनवर अशा दोनचार केबिन असायच्या, एका दिवसात चालून पोचता येईल अशा अंतरावर, कारण रात्री बाहेर राहिलं तर माणूस उरत नाही.

आता जे मला अजून पचलेलं नाही ते सांगतो. दाराला कुलूप नव्हतं. काका म्हणाले रानातल्या अशा केबिनला कुलूप लावायचंच नाही ही जुनी रीत. कोणीही वाटसरू, ओळखीचा असो नसो, अडचणीत आला तर आत जाऊ शकतो, झोपू शकतो, डब्यातलं पीठ तांदूळ खाऊ शकतो, फक्त जाताना लाकडं फोडून ठेवायची. आणि नुसती ठेवायची नाहीत, शेगडीत खाली बारीक सालपटं, वर काटक्या, वर फाटे असं रचून काडेपेटी शेजारी कोरड्या डब्यात ठेवायची. मी विचारलं एवढं कशाला, येणारा करेल की. तर ते म्हणाले येणारा कदाचित नदीत बर्फ फुटून भिजून आलेला असेल, बोटं चालत नसतील, सुरी धरता येणार नाही, त्याच्याकडून एकच काडी ओढली जाईल, म्हणून त्या एका काडीत जाळ झाला पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणपोई लावतात तसंच की हे, फक्त इथे पाजणारा कधी दिसतच नाही. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, तारीख, थंडी किती, मार्टन किती मिळाले. मार्टन म्हणजे मुंगसासारखा प्राणी, फर मऊ. किती वर्षांपूर्वीचं अक्षर ते, मी हात लावून बघितलं.

काका सांगत होते फरचा व्यापार इथे जुना, फोर्ट सेलकर्क नावाचं व्यापाराचं ठाणं १८४८ चं. १८९६ ला सोनं सापडलं तेव्हा हजारो लोक आले, बहुतेकांना काहीच मिळालं नाही, त्यातले काही परत न जाता सापळे लावत राहिले. पुढे १९८० नंतर फरचा भाव पडला आणि केबिन रिकाम्या होत गेल्या, आता कितीतरींची छपरं बसलीयेत. त्या परत न गेलेल्यांच्या घरी कोणी वाट बघत असेल का, हेच डोक्यात येत राहिलं. निघताना मी लाकडं फोडली, काकांनी दोनदा परत रचायला लावली.

बरं, पैशांचं. या महिन्यात चाळीस हजारच पाठवतोय, थंडीत हॉटेलात शिफ्ट कमी असतात, एप्रिलपासून वाढतील, मंडपाच्या ॲडव्हान्सला तेवढे पुरतील ना? आणि ताईच्या लग्नाचं मी आज पण विचारलं. मे महिन्यात टुरिस्ट सुरू होतात म्हणून सुट्टी नाही म्हणालेत, आणि माझी पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीची, फाइल याच नोकरीवर आहे, त्यामुळे जास्त ताणता येत नाही. बाबा, तुम्ही चिडणार माहितीये. मी व्हिडिओ कॉलवर पूर्ण वेळ असेन, इथे मध्यरात्र असली तरी. कानपिळीला पिंट्याला उभं करा, पण दाजींचा कान जरा जोरात पिळायला सांगा, माझ्या वाटचा. ताईला हे आत्ताच सांगू नका, मीच सांगतो रविवारी.

पैसे सोमवारी जमा होतील, आले की कळवा.

तुमचा,
बाळू