मळा की नारायणगाव?

तीर्थरूप आई-अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की अण्णा "लाईट आली, मोटर चालू करायचीय" म्हणून ठेवून देतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तूच वाचून दाखव, त्यांचा चष्मा परत गोठ्यात राहिला असेल.

दादाचं कळलं. नारायणगावात फ्लॅट घ्यायचा, छोटूच्या शाळेसाठी तू तिकडे राहायचं आणि अण्णांनी मळा सांभाळायचा. दादाची अडचण खोटी नाही, वहिनी नोकरीला लागल्यावर पोराला दुपारी बघायचं कुणी? पण असं अर्धं-अर्धं आपण एकदा करून बसलोय. एसटी स्टँडमागची ती खोली आठव. सात वर्षं तू आमचे डबे केलेस आणि अण्णांनी मळ्यात एकट्याने भाकरी थापल्या. शनिवारी दुधाची किटली नि टोमॅटोची पिशवी घेऊन यायचे, कॉटच्या कडेला पाहुण्यासारखे बसायचे आणि पहाटेची धार आहे म्हणून मुक्काम न करताच परत. आम्ही शिकलो ते त्यावरच.

तेव्हा अण्णा चाळिशीत होते, बिबट्याही असा ओट्यापर्यंत येत नव्हता. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, आता उसातच बिबट्याची पिल्लं होतात. त्यांना डोंगर माहीतच नाही.

गेल्या दिवाळीत मी आले होते तेव्हा थ्री फेजची रात्रपाळी होती. दोन वाजता अण्णा काठी, बॅटरी घेऊन, मोबाईलवर भजन लावून भरण्याला निघाले. आई, तू शाल गुंडाळून ओट्यावर उभी होतीस. विहिरीकडे उजेड हलला की बसायचीस, दिसेनासा झाला की हाक मारायचीस. तिकडून "होय" आलं की परत बसायचीस. तू फ्लॅटवर गेलीस तर हाक कोण मारणार? वनखातं सांगतं, रात्री एकट्याने शेतात जाऊ नका. वीज मात्र पाळी आली की रात्रीचीच सोडतात, आता कुणाला काय म्हणायचं.

माझं म्हणणं एवढंच, जायचं तर दोघांनी जा, नाहीतर दोघंही मळ्यातच राहा. जायचं ठरलं तर रान वाट्याने द्यावं लागेल आणि गाई विकाव्या लागतील. ते अण्णांच्याने होणार नाही. म्हातारी तांबडी विकली तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. मग छोटूलाच मळ्यात ठेवा की. शाळेची गाडी फाट्यापर्यंत येते, अण्णा त्याला मोटरसायकलवर सोडतील. गोठ्याला जाळी आहे, तशी ओट्यालाही करून घेऊ, पैसे मी देते.

मोबाईलवरून मोटर चालू करायचा स्टार्टर दादा बसवून देईल. पण पाण्याची दारं बदलायला उठावंच लागतं, म्हणून खालच्या रानालाही ठिबक करा. शेतीला सौर वीज द्यायची सरकारची सौर कृषी वाहिनी योजना आहे, 2023 ला तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात आपला फीडर, म्हणजे आपल्याकडची विजेची लाईन, आला तर दिवसाच वीज मिळेल. तोवर रात्री सोबत गडी घ्या. अण्णा, त्याची मजुरी काढून दाखवू नका, मी हिशोब केलाय.

शनिवारी येतेय. दादाला मीच सांगते, तुम्ही आधी काही बोलू नका. चष्म्याला दोरी आणतेय.

तुमची लेक