बर्ड थिएटरमधले पाहुणे

रिचमंड, व्हर्जिनिया
2 एप्रिल

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझा फोन आला नाही आणि आला तेव्हा मी दोन वाक्यांत बोलणे आटोपते घेतले, याचे तुम्हा दोघांनाही वाईट वाटले असेल. त्या दिवसांत येथे फ्रेंच चित्रपट महोत्सव होता आणि मी पाहुण्यांच्या दिमतीला होते. फोनवर हे सारे सांगू लागले असते तर मधेच आवाज तुटला असता, आईचे ‘जेवलीस का’ राहून गेले असते आणि बाबांचे प्रश्न अर्धेच राहिले असते, म्हणून सवडीने लिहिते आहे.

हा महोत्सव 1993 साली पीटर आणि फ्रान्स्वाज कर्कपॅट्रिक या प्राध्यापक दांपत्याने सुरू केला. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंड ही येथील दोन विद्यापीठे त्याच्या पाठीशी आहेत. त्याच वर्षी जागतिक व्यापाराच्या गॅट करारात चित्रपटांना इतर मालाप्रमाणे धरावे की नाही यावरून फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात मोठा वाद पेटला होता आणि चित्रपट हा निव्वळ माल नाही, ही भूमिका फ्रान्सने शेवटपर्यंत सोडली नव्हती. तिकडे सरकारे भांडत असताना अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात दोन शिक्षकांनी फ्रेंच चित्रपट आणि त्यांचे कर्ते यांना घरी बोलवावे तसे बोलावले, हे मला फार मोलाचे वाटते. दर मार्चअखेर चित्रपट दाखवले जातात आणि प्रत्येक चित्रपटासोबत त्याचे कोणीतरी माणूस, दिग्दर्शक, नट, नटी किंवा तंत्रज्ञ, स्वतः फ्रान्सहून येऊन प्रेक्षकांशी बोलते, हा या महोत्सवाचा प्राण आहे.

बाबा, थिएटरचे वर्णन खास तुमच्यासाठी करते. त्याचे नाव बर्ड. ते 24 डिसेंबर 1928 रोजी, म्हणजे मूकपटांचा काळ सरत असताना उघडले आणि आजही एकपडदा आहे. आत संगमरवर आणि सोनेरी नक्षीकाम आहे, छताच्या मधोमध अडीच टनांचे झुंबर लटकते आहे, आणि मूकपटांना साथ करण्यासाठी बसवलेला वुर्लिट्झर कंपनीचा ऑर्गन अजून वाजतो. तो वाजवणारा वाद्यासकट जमिनीखालून हळूहळू वर येतो, तेव्हा बाल्कनीसुद्धा टाळ्या वाजवते. तुम्ही लहानपणी मला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात न्यायचात, तेथील साधेपणा याच्या अगदी उलट होता, तरी दिवे मालवताना सभागृहात पसरणारी शांतता मात्र तीच आहे.

आता पाहुण्यांविषयी. चित्रपट संपला की पडद्यापुढे एक माइक येतो, पाहुणे एका बाजूला आणि दुभाषी दुसऱ्या बाजूला उभे राहतात, आणि प्रेक्षकांतून हात वर होऊ लागतात. पाहुणे तीन-चार वाक्ये फ्रेंचमध्ये बोलतात, थांबतात, मग दुभाषी ती इंग्रजीत सांगतो. यामुळे सभागृहात दर वेळी दोन हशे उठतात. फ्रेंच जाणणारे आधी हसतात, बाकीचे अर्ध्या मिनिटाने. बोलणारा पाहुणा त्या दुसऱ्या हशाची वाट पाहत उभा असतो, आणि तो आला की त्याच्या चेहऱ्यावर जी निश्चिंतता दिसते ती पाहण्यासारखी असते. आपले बोलणे नदी ओलांडून पलीकडे पोचले, हे त्याला त्या क्षणी कळते.

प्रश्नही साधे असत. एका वृद्ध बाईंनी एका अभिनेत्रीला विचारले, की शेवटच्या प्रसंगात तुम्ही ज्या दारातून बाहेर पडता त्या दाराच्या पलीकडे प्रत्यक्षात काय होते? अभिनेत्री क्षणभर गप्प राहिली, मग तिने सांगितले, की पलीकडे दिव्यांच्या वायरी होत्या, कोणाचा तरी थंड झालेला कॉफीचा कप होता, आणि तो प्रसंग तिने अकरा वेळा केल्यामुळे अकराही वेळा तिला त्याच कपाकडे पाहत थांबावे लागले होते. एवढे ऐकल्यावर तो चित्रपट माझ्यासाठी कमी झाला नाही, उलट त्याला मागची खोली मिळाली. पाहुणा स्वतः येतो तेव्हा काय घडते, याचे मला सापडलेले उत्तर हेच आहे.

नामांकित चेहऱ्यांभोवती स्वाक्षऱ्यांसाठी गर्दी होते आणि त्यात वावगे काही नाही, पण त्याविषयी मला फार लिहावेसे वाटत नाही. माझ्या वाट्याला आले ते एक छायालेखक, म्हणजे चित्रपटाचा कॅमेरा सांभाळणारे, सत्तरीच्या आसपासचे, ज्यांचा चेहरा रस्त्यात कोणीही ओळखणार नाही. पॅरिसचे विमान वॉशिंग्टनला उतरते आणि तेथून रिचमंड दोन तासांच्या रस्त्यावर आहे, म्हणून मी त्यांना आणायला गेले होते. आई, पाहुण्याला रिकाम्या पोटी प्रवास करू द्यायचा नाही ही तुझी शिकवण, त्यामुळे डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गोड लिंबाचे लोणचे नेले होते. त्यांनी दोन पुऱ्या खाल्ल्या, तिसरी रुमालात गुंडाळून ठेवली आणि लोणच्यात काय काय आहे ते इतके बारकाईने विचारले, की मला शेवटी तुझी कृती पहिल्यापासून सांगावी लागली.

वाटेत त्यांनी विचारले, की तुमच्या भाषेत माझ्या कामाला काय म्हणतात. फ्रेंचमध्ये त्यांच्या पदाला ‘शेफ ऑपेरातर’ म्हणतात आणि त्यात यंत्र चालवणाऱ्या मुख्य माणसाचा भाव आहे. मी ‘छायालेखक’ हा शब्द सांगितला आणि फोड करून दाखवली, की छाया म्हणजे सावली आणि लेखक म्हणजे लिहिणारा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, की लोक त्यांना जन्मभर प्रकाशाविषयीच विचारत आले, पण कष्ट तर सावली जागच्या जागी ठेवण्याचे असतात, आणि ते ओळखणारा शब्द त्यांना प्रथमच भेटला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला. मी तो त्याखाली देवनागरीत लिहून दिला, तेव्हा शब्दावरची आडवी रेघ कशासाठी असते हेही त्यांनी विचारून घेतले.

त्यांच्या चित्रपटानंतरच्या प्रश्नोत्तरांना दुभाषी म्हणून मी उभी राहिले. पुण्यात आलियाँस फ्राँसेज या संस्थेच्या फ्रेंचच्या वर्गांना जात होते तेव्हा हे काम कधी करीन असे मनातही आले नव्हते. माझ्या हातून एक चूक झाली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ते म्हणाले होते, की एका प्रसंगात नायिकेचा चेहरा अंधारात ठेवायचा निर्णय त्यांचा एकट्याचा नव्हता, तो दिग्दर्शिकेच्या आग्रहामुळे घेतला आणि त्यांचा स्वतःचा त्याला विरोध होता. मी घाईत तो विरोध गाळला. इंग्रजी जाणणाऱ्यांना त्यांचे बोलणे सुरळीत कौतुकासारखे ऐकू आले. त्यांना थोडे इंग्रजी येत असल्याने त्यांच्या ते लक्षात आले, आणि त्यांनी शांतपणे माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा, हळू उच्चारले. दुसऱ्या वेळी मी ते पूर्ण सांगितले आणि सभागृहात तो विरोध पोचला, त्यानंतर तो विरोध करण्यात आपणच कसे चुकलो होतो हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. माझे गाळलेले अर्धे वाक्य तसेच राहिले असते तर पुढचे हे सारे कोणाला कळलेच नसते. पाहुण्याचे पूर्ण बोलणे यजमानांपर्यंत नेणे हीही सरबराईच आहे, आणि त्यात मी कमी पडले होते.

बाबा, तुमची नोकरी कोर्टात गेली म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. या पाहुण्यांत दिग्दर्शक ‘हा माझा चित्रपट’ असे ज्या सहजतेने म्हणतात, त्याच्या मागे कायदा आहे. फ्रान्सच्या 11 मार्च 1957 च्या कायद्याने दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि चित्रपटासाठी खास संगीत रचणारा संगीतकार यांना चित्रपटाचे सहलेखक मानले. दिग्दर्शक आणि निर्माता यांचे एकमत होऊन अंतिम प्रत ठरल्याखेरीज तेथे चित्रपट पूर्ण झाला असे धरत नाहीत. आपला कॉपीराइट कायदाही 1957 चाच, पण त्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. येथे अमेरिकेत कामावर नेमून करून घेतलेल्या चित्रपटाचा कर्ता म्हणजे ती नेमणारी कंपनी. त्यामुळे रिचमंडचे प्रेक्षक जेव्हा एखाद्या दिग्दर्शिकेला विचारतात, की हा शेवट तुम्हाला कोणी बदलायला लावला का, तेव्हा तिला आधी प्रश्नच कळत नाही आणि मग ती थोडी चकित होऊन नाही म्हणते. हे मी डोळ्यांनी पाहिले. त्या फ्रेंच कायद्याच्या यादीत मात्र छायालेखक नाही, आणि ही गोष्ट मला आमच्या पाहुण्यांकडे पाहिल्यापासून खटकते आहे.

परतीच्या प्रवासात मी त्यांना चित्रपट घेऊन आपल्याकडे आलेल्या पहिल्या फ्रेंच पाहुण्याची हकीकत सांगितली. ल्युमिएर बंधूंनी 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेच्या तळघरात तिकीट लावून आपल्या चित्रपटांचा पहिला खेळ केला, आणि त्या दालनाचे नाव ‘सालाँ अँदियाँ’, म्हणजे भारतीय दालन, असे होते, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांत मारियस सेस्टिये हा त्यांचा माणूस मुंबईत उतरला आणि 7 जुलै 1896 रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटात त्याने मिनिटभराचे चित्रपट दाखवले, हे त्यांना नवे होते. पुढे तोच सेस्टिये ऑस्ट्रेलियात गेला. ते खेळ पाहून सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला, 1899 मध्ये कुस्ती चित्रित केली आणि डिसेंबर 1901 मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे मुंबईत झालेले स्वागतही टिपले. एक पाहुणा चित्रपट घेऊन आला आणि साडेपाच वर्षांत आपल्या माणसाने दुसऱ्या पाहुण्याचे स्वागत चित्रपटात धरले, हे सांगताना माझा गळा दाटून आला. ते ऐकून त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याकडेला उभे राहून सेस्टियेचे नाव छायालेखक या शब्दाखाली लिहिले.

बाबा, तुम्ही कोणताही चित्रपट संपला की शेवटचे नाव पडद्यावरून सरकेपर्यंत उठत नसत. लोक आपल्या गुडघ्यांवरून वाट काढत जायचे, झाडूवाला दाराशी येऊन ताटकळायचा, आईला रिक्षाची काळजी लागलेली असायची आणि मला भूक लागलेली असायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा. बर्डमध्ये भरल्या सभागृहातली माणसे सगळी नावे संपेपर्यंत जागची हलली नाहीत, कारण त्या नावांतले एक माणूस थोड्याच वेळात समोर येणार होते. त्या यादीत आमच्या पाहुण्यांचे नाव वर सरकले तेव्हा मी बाजूच्या अंधारात माइक हातात धरून उभी होते, आणि मला तुमची आठवण इतक्या तीव्रतेने झाली, की पहिला प्रश्न मला दोनदा विचारून घ्यावा लागला.

पुढच्या मार्चमध्ये तुम्ही दोघांनी येथे यावे अशी माझी इच्छा आहे. व्हिसासाठी आतापासून तयारी करावी लागेल, ती कागदपत्रे मी करीन. बाबांच्या गुडघ्याला बाल्कनीचे जिने नकोत म्हणून खालच्या मजल्यावर, कडेच्या खुर्च्या धरू. आई, सबटायटल्स भराभर सरकतात म्हणून तू नको म्हणशील, पण मी तुझ्या शेजारी बसून मराठीत सांगेन. म्हणजे आपल्या रांगेत हशा तिसऱ्यांदा येईल. मार्चअखेरही येथे संध्याकाळी गारठा असतो, तेव्हा बाबांचा तपकिरी स्वेटर आणि तुझी शाल बरोबर असू द्या.

जाण्यापूर्वी छायालेखकांना मी बाबांच्या त्या सवयीविषयी सांगितले. त्यांनी तुमच्यासाठी एक प्रश्न ठेवला आहे आणि उत्तर न विसरता मागितले आहे: इतकी वर्षे ती नावे वाचताना त्यांतले कोणाचे नाव तुमच्या मनात राहिले, आणि का? नट किंवा दिग्दर्शक यांचे नाव नको, असे त्यांनी बजावले आहे. बाबा, सवडीने पण नक्की लिहा. मी त्याचे फ्रेंच करून त्यांना पाठवीन आणि या वेळी एक शब्दही गाळणार नाही.

दोघांनी औषधे वेळेवर घ्यावीत.

तुमची लेक