सप्ताहातला मृदंग नीट ऐकू येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत हल्ली ध्वनिक्षेपकांची जी व्यवस्था केली जाते, तिच्यामुळे कीर्तनातला मृदंग, म्हणजेच पखवाज, श्रोत्यांपर्यंत त्याच्या खऱ्या आवाजात पोहोचेनासा झाला आहे. याकडे सप्ताह समित्यांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र.

पखवाजाच्या उजव्या पुडीवर, म्हणजे चामड्याच्या तोंडावर, कायमची शाई, म्हणजे काळा लेप असतो. धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर मात्र वादनाआधी भिजवलेली कणीक लावावी लागते. ती कमी पडली तर धूम पोकळ वाजते, जास्त झाली तर आवाज बसतो. मंडपातल्या वाऱ्याने आणि दिव्यांच्या उष्णतेने कणीक वाळू लागली की स्वर चढतो, म्हणून जाणता वादक दोन अभंगांच्या मधल्या क्षणात तिच्यावर ओला हात फिरवून घेतो. उजवी बाजू गायकाच्या स्वरात आणण्यासाठी वादीखालचे, म्हणजे चामड्याच्या पट्टीखालचे लाकडी गट्टे हातोडीने ठोकायचे, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर हलके ठोके देत चारी बाजूंनी स्वर एकसारखा झाला का ते कानाने तपासायचे, हे काम शांतता असल्याशिवाय होत नाही. नेमक्या त्याच वेळी मंडपात चित्रपटगीते लावून कर्ण्यांची चाचणी चाललेली असते.

कीर्तन सुरू झाल्यावरही फार वेगळे घडत नाही. ध्वनिव्यवस्था पाहणारी मंडळी खर्जाचा आवाज इतका वाढवतात की धुमेची गुंज पुढच्या मात्रेवर पसरते आणि दोन्ही हातांचा ‘धा’ कुठे नि नुसत्या उजव्या हाताचा ‘ता’ कुठे, हे कळत नाही. आमच्या तालुक्यातील एका सप्ताहात मी मृदंगवादकाच्या अगदी जवळ बसलो होतो. त्याची बोटे शाईवर ‘तिटकत गदिगन’ स्वच्छ काढत होती, पण कर्ण्यांतून एकसारखा धडधडाटच बाहेर येत होता. थोड्या वेळाने त्या तरुणाने बोटांचे काम सोडून दिले आणि तो थापांवर थापा मारू लागला; टाळकरीही त्याच जोरावर चढले आणि अभंगाचे शब्द बुडाले. त्यात त्याला दोष देता येणार नाही, कारण मंडपात दाद मिळत होती ती त्या धडाक्यालाच.

मला खरी काळजी वाटते ती याचीच. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि आज आळंदीत राहून मृदंग शिकणारी कितीतरी मुले खेड्यापाड्यांतून आलेली, साध्या घरांतली आहेत. वाई परिसरातून इंदूरच्या होळकर दरबारापर्यंत पोहोचलेल्या पखवाजवादक नाना पानसे यांची परंपरा आपल्याकडे आहे. चौताल या तालाच्या बारा आणि धमार या तालाच्या चौदा मात्रांचे भान ज्या हाताला शिकवले जाते, त्याच हाताकडून मंडपात केवळ जोराची अपेक्षा ठेवली, तर पुढची पिढी बारीक बोल घोटण्याचे कष्ट कशासाठी घेईल?

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती पाळली जावीच. पण माझे म्हणणे त्यापुरते नाही. आवाज मर्यादेत असूनही मृदंग बिघडलेलाच ऐकू येऊ शकतो. समित्यांनी कीर्तनाआधी पंधरा-वीस मिनिटे मृदंग लावण्यासाठी शांत राखून ठेवावीत. दोन्ही तोंडांना शक्यतो स्वतंत्र ध्वनिग्राहक द्यावेत आणि धुमेकडचा थोडा लांब ठेवावा. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याने आधी मृदंगवादकाशेजारी बसून ध्वनिक्षेपकाशिवायचा आवाज ऐकावा आणि तोच कानाशी धरून पुढची बटणे लावावीत. यासाठी समितीला जादा खर्चही फारसा येणार नाही.

आपला,
एक वाचक, जि. सातारा